हंड्यावरचं इंग्रजी

हंडा माझ्या बापाचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात इतकी वर्षं ह्याच एका गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नाही.

बाबा म्हणजे काशीराम भुवड. पोफळीच्या वीजघरात हेल्पर होते. कॉलनीत आमची एक खोली. दिवाळी आली की कंत्राटदारांकडून साहेब लोकांच्या बंगल्यांवर मिठाईचे खोके जायचे आणि ते पोचवायचं काम बाबांकडे असायचं. प्रत्येक खोक्यावर सोनेरी अक्षरांत एकच ओळ. वुइथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम. खाली देणाऱ्याचं नाव. बाबांना इंग्रजी म्हणून तेवढंच वाचता यायचं. एका साहेबाने त्यांना अर्थही सांगितला होता, की खाली ज्याचं नाव, त्याने हे मनापासून दिलं.

बाबांना ते भारी आवडलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते भांडं हरवू नये म्हणून. ह्यात नाव घालायचं ते दिल्याबद्दल. "मालूच्या लग्नात हंडा देईन आनि त्याच्यावर हीच ओळ घालीन," असं ते कॉलनीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मला लाज वाटायची. आता वाटत नाही.

हंडा त्यांनी चिपळूणच्या तांबटाकडून ठोकून घेतला. लग्नाच्या दिवशी पहाटे पोफळीहून निघाले, चिपळूणला एस्टी बदलली. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. बाबांनी ऐकलं नाही. मांडीवर नवी लुंगी अंथरून त्यावर हंडा घेऊन बसले. सावर्ड्याला म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, बाबांचा हात सुटला आणि हंडा पुढच्या बाकाच्या लोखंडावर आपटला. गळ्याखाली लिंबाएवढा पोचा पडला. रत्नागिरीच्या बाजारात उतरून नाव घालून घ्यायचं होतं ते त्या गडबडीत राहिलं. गाडीला उशीर झालेला, मुहूर्त जवळ आलेला. हातखंब्याला उतरून ते तडक आमच्या वाडीत, म्हणजे माझ्या सासरी, मांडवात आले. मला म्हणाले, "नाव मागाहून घालू गो. आता हंडा बघ, पोचा बघू नको."

ते मागाहून म्हणणंच नडलं.

आमच्या वाडीत लग्न म्हटलं की घराघरातून भांडी येतात. टोप, पराती, कळश्या, हंडे. लग्न उरकलं की बायका ती घासतात, अंगणात पालथी घालतात आणि नावं वाचून ज्याची त्याला पोचवतात. ज्यावर नाव नाही ते भांडं कुणाचं? जी आधी हात लावून माझं म्हणेल तिचं. बिननावाचा हंडा आहेरात देणारा माणूस आमच्या वाडीत कुणी पाहिला नव्हता. बाबा कॉलनीत राहिलेले, त्यांना हे ठाऊक नव्हतं.

मी हळदीच्या अंगाने आतल्या खोलीत बसलेली. बाहेर भांडी वाटत होती माझी मोठी जाऊ, हौसावहिनी. सासूबाई नव्हत्या, त्यामुळे घरात तिचाच शब्द. दीर धोंडूभाऊजी मुंबईत एका कंपनीत शिपाई होते, आणि वहिनीचा रुबाब असा की कंपनी तिच्याच बळावर चालते. पाचपरतावन उरकून माहेराहून परत आले तेव्हा मी विचारलं, "वहिनी, बाबांनी दिलेला हंडा कुठं ठेवलात?"

"कसला हंडा गो?" ती म्हणाली. "तुझ्या बापसानं काय दिलान ता मला तरी दिसला नाय."

दुसऱ्या दिवशी ती मुंबईला गेली. तिच्या सामानात गोणपाटात बांधलेलं गोल काहीतरी होतं. माझे यजमान, रामा, त्यांनीच ते डोक्यावरून एस्टीपर्यंत नेलं. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "नाव होतं काय त्याच्यावर? मग कशाला वाद?"

पुढे गणपतीला, शिमग्याला ती यायची आणि चारचौघींत विचारायची, "आमच्या मालनला बापसानं काय दिलान, सांगा बघू?" आणि बायका हसायच्या. मी भाकऱ्या थापत असायचे. किती भाकऱ्या मी त्या रागात पातळ केल्या, देव जाणे.

मग माझ्या नणंदेचं, राहीचं लग्न ठरलं. पावस गावात दिली तिला. बाबा आले, खण-नारळ घेऊन. जेवणं झाल्यावर आहेर वाचायला सुरुवात झाली. आमच्याकडे कर्ण्यावर आहेर वाचतात, म्हणजे कुणी काय दिलं ते रस्त्यापर्यंत कळतं. आमच्या भावकीतला बाबल्या माईक धरून बसला होता. हौसावहिनी उठली आणि आतून हंडा घेऊन आली. घासून लखलखीत केलेला. त्यावर टिंबं ठोकून इंग्रजी अक्षरं घातलेली. बाबल्या मुंबईत राहिलेला, त्याने छाती फुगवून वाचलं, "वुइथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम मिस्टर अँड मिसेस धोंडू रहाटे, मुंबई. हंडा खास भुलेश्वरहून आणलेला हाय."

गळ्याखाली लिंबाएवढा पोचा होता.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनीही ओळखला होता. ते उठले, हळूहळू हंड्याजवळ गेले आणि पोच्यावरून अंगठा फिरवला. हौसावहिनी माईकजवळच उभी होती. म्हणाली, "काय बघताव काशीरामभाऊ? इंग्रजी हाय ता. तुमाला नाय वाचता येनार." सगळा मांडव हसला. कर्ण्यातून तिचा आवाज गेलेला, त्यामुळे रस्त्यावरचीसुद्धा हसली असतील.

बाबाही हसले. म्हणाले, "येतं वाचता. ओळ बरोबर घातलीत." आणि जाऊन बसले.

मी त्यांना एस्टीपर्यंत सोडायला गेले. मला वाटलं, आता तरी बोलतील, चिडतील, मला म्हणतील की चल, सांगू सगळ्यांना. ते म्हणाले, "भांडू नको. तुला इथं राहायचं हाय." मग एस्टीच्या पायरीवर पाय ठेवताना म्हणाले, "माझंच चुकलं. नाव घालून आणायला हवं होतं."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. छातीत कळ आली, तेवढंच निमित्त. पण मला विचाराल तर ते त्या मांडवातूनच अर्धे गेले होते. त्यांच्या दहाव्याला मी मनाशी ठरवलं की ही बाई स्वतःच्या तोंडाने, माणसांत, सांगेल की हंडा कुणी दिला. मला हंडा परत नको होता. तिची माफी तर मुळीच नको होती. बाबांचं नाव तिच्या तोंडून, त्याच कर्ण्यातून बाहेर पडायला हवं होतं.

मी घाई केली नाही. ती आली की तिच्या आवडीचे घावणे करायचे, तिच्या केसांना तेल लावून द्यायचे. रामा म्हणायचे, तुमचं चांगलं जमतं. राग मी बरणीत घालून दडपून ठेवला होता, आणि तो दरसाल जास्तच मुरत होता.

सत्त्याऐंशी सालच्या वैशाखात वहिनीच्या मुलीचं, गोदाचं लग्न ठरलं. चिपळूणची सोयरीक, मुलगा बँकेत. वहिनी महिनाभर आधी येऊन बसली आणि हुकूम सोडायला लागली. पत्रिका इंग्रजीत, मांडवाच्या दारावरची पाटी इंग्रजीत. आहेर आणाल त्यावर नाव इंग्रजीत घालून आणा, चिपळूणची माणसं शिकलेली आहेत. मग माझ्याकडे वळून, पाटावर बसलेल्या साऱ्या बायकांसमोर म्हणाली, "तू नको हां घालूस काय. तुझ्यात कुणाला येतं इंग्रजी? तू आपली पाकिटात नोट घाल."

"बघते," मी म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं की तिला आणखी एक घावणा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावसची गाडी पकडली. राहीच्या पडवीत हंडा होता. मी आजवर तिला काही सांगितलं नव्हतं. तिच्या आहेराला डाग कशाला लावायचा? त्या दिवशी सगळं सांगितलं. चिपळूणचा तांबट, सावर्डे, म्हैस, पोचा. राही ऐकत राहिली. मग उठली, हंड्यातलं पाणी माडाच्या आळ्यात ओतलं आणि हंडा माझ्यापुढे ठेवला.

"मोठी वयनी दर वर्षी येऊन बघते, घासलाय का नाय," ती म्हणाली. "माझा हंडा, माझा हंडा म्हनते. मला दिलान तर माझा का नाय? घेऊन जा वयनी. पन मी पन येनार हां लग्नाला. मला बघायचं हाय."

तिच्यासाठी मी माझी पितळेची घागर नेली होती, ती तिथेच ठेवली आणि हंडा गोणपाटात गुंडाळून रत्नागिरीच्या बाजारात आले. फारुकचं भांड्यांचं दुकान आहे. तो दारातच नाव घालायला बसतो. मी हंडा त्याच्यापुढे ठेवला.

"ओळ तशीच ठेव," मी म्हटलं. "खालचं नाव तेवढं काढ."

त्याने बोटाने अक्षरं चाचपली. "खाला, टिंबं खोल ठोकलीत. पत्रा पातळ, जास्त घासला तर भोक पडेल. जुन्या नावाची खूण राहणार."

"राहू दे."

"बघनाऱ्याला समजेल, कुनाचं तरी नाव काढलंय."

"समजू दे."

तो माझ्याकडे बघून हसला आणि जुनं नाव खरवडायला लागला. नवीन नाव मी त्याला सांगितलं. काशीराम भुवड, पोफळी. तो हातोडीने एकेक टिंब ठोकत होता आणि मी बाकावर बसून ऐकत होते. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण ती ओळ वहिनीने स्वतः घालून घेतली होती, धोंडूभाऊजींच्या कंपनीतल्या खोक्यांवर बघूनच असेल, मुंबईच्या चांगल्या कारागिराकडून. बाबांनी ती तपासली होती. तिच्यात काही वाईट नव्हतं. फक्त तिच्याखाली चोराचं नाव होतं, ते बदललं.

लग्न थाटात झालं, ते कबूल करायला हवं. जेवणं झाली, विडे वाटले आणि बाबल्याने पुन्हा माईक धरला. स्टीलचे डबे, साड्या, एक भिंतीवरचं घड्याळ. वहिनी विहिणीजवळ, गंगुबाईंजवळ बसून प्रत्येक वस्तूची कौतुकं ऐकत होती. गंगुबाई जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, बोलायला कमी, बघायला जास्त. मी हंडा पदराखाली धरून पुढे गेले आणि बाबल्यापुढे ठेवला.

तो सवयीने वाचायला लागला. "वुइथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम काशीराम भुवड, पोफळी." आणि अडखळला. "काशीराम? ह्ये कोन?"

"माझे बाबा," मी म्हटलं. माईक त्याच्या हातात होता आणि चालू होता.

"ते वारले ना?"

"वारले. हंडा त्यांनीच दिलाय."

वहिनीचा चेहरा मी मुद्दाम बघितला. तिने आधी अक्षरं ओळखली, मग पोचा. तिचा हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्राशी गेला. मला तो क्षण संपू नये असं वाटत होतं.

गंगुबाईंनी हंडा जवळ ओढला. भांड्यांची पारख असलेली बाई, आधी टिचकी मारून आवाज ऐकला, मग उलटा करून बूड बघितलं. "चिपळूणचा हाय," त्या म्हणाल्या. "आमच्याच आळीतल्या तांबटाचा ठसा. आता असली भांडी कोन करतो?" मग सरळ करून चष्मा नाकावर खाली ओढला. "इथं खाली दुसरं नाव होतं. खरवडलंय." त्यांनी मुलाला, म्हणजे नवरदेवालाच हाक मारली. बँकेतला मुलगा, तो वाकला आणि वाचलं. "मिस्टर अँड मिसेस धोंडू रहाटे, मुंबई."

धोंडूभाऊजी आचाऱ्याचं काहीतरी बघायचं निमित्त करून मागच्या दाराने गेले.

"विहीणबाई, हे तुमचंच नाव," गंगुबाई म्हणाल्या.

वहिनी उभी राहिली. "हा हंडा माझा. मी राहीला दिलेला. हिनं चोरून आनलान."

"चोरून नाय," राही मागून म्हणाली. "मी दिला. ज्याचा होता त्याला."

"वहिनी," मी विचारलं, "तुम्ही हंडा कुठून घेतलात?"

"भुलेश्वरहून."

गंगुबाईंनी पुन्हा बूड बघितलं. "भुलेश्वरला आमच्या आळीचा ठसा कसा मारतील?"

कुणीतरी मागे हसलं. गोदाचं तोंड उतरलं. बाशिंगाखाली ती एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी तिला अंगाखांद्यावर खेळवलेली. ते तोंड बघून मला वाईट वाटलं. पण थांबावंसं वाटलं नाही. बाबांचंही तोंड असंच उतरलं होतं आणि तेव्हा कुणी थांबलं नव्हतं.

वहिनी हिशेबी बाई. ताणलं तर विहीण आणखी विचारणार, आणि मुलीला तिथे नांदायचं आहे, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. म्हणूनच मी हा दिवस निवडला होता.

मी बाबल्याच्या हातातून माईक घेतला आणि तिच्यापुढे धरला. "वहिनी, जास्त नको. तुम्हाला इंग्रजी येतं. त्या ओळीखाली ज्याचं नाव आहे, त्यानं हा हंडा दिला की नाही, तेवढं सांगा."

तिने एकदा गंगुबाईंकडे पाहिलं. मी माईक खाली केला नाही.

"दिला," ती म्हणाली.

"कुणी?"

"काशीरामभाऊंनी."

"कुणाला?"

"तुला." मग तिची मान खाली गेली. "तुझ्या लग्नात."

कर्ण्यातून ते शब्द वाडीवर गेले, काजूच्या बागेवरून रस्त्यावर गेले. रामा खांबाला टेकून उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्यांचा हिशेब मी घरी करणार होते. सध्या मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं, कुणाला काय वाटायचं ते वाटो.

मी हंडा उचलला आणि गोदाच्या ओटीत ठेवला. "घे बाय. आजोबांकडून." ती रडायला लागली आणि वाकून माझ्या पाया पडली.

पाठवणीच्या वेळी पाठराखीण म्हणून वहिनीची बहीण जायची होती. तिची पिशवीसुद्धा भरून तयार होती. गंगुबाई मेटॅडोरच्या दारात थांबल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांना येऊ दे. हंडा ह्याच नीट नेतील." विहिणीचा शब्द कोण मोडणार? मी नेसत्या लुगड्यानिशी चढले.

वहिनी खिडकीशी आली. डोळे लाल होते, ते मुलीसाठी की कशासाठी ते तिचं तिला ठाऊक. हळूच म्हणाली, "झालं समाधान?"

"अजून नाही," मी म्हटलं. "आता दर सणाला तुम्ही लेकीकडे जाल. ती ह्याच हंड्यातलं पाणी तुम्हाला देईल. नाव वाचाल आणि पाणी प्याल. तेव्हा होईल."

गाडी निघाली. मी मागे वळून पाहिलं, मुद्दाम. ती मांडवाच्या दारात, इंग्रजी पाटीखाली उभी होती.

हंडा मी मांडीवर घेतला होता. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, टपावर टाकू का? मी नको म्हटलं. संगमेश्वर गेलं. गोदा रडून रडून माझ्या खांद्यावर झोपली. मी पोच्यावर अंगठा ठेवून बसले होते. सावर्ड्याच्या बाजारात एक सायकलवाला आडवा आला आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. मी दोन्ही हातांनी हंडा पोटाशी आवळला. तो हलला नाही. आणि बाबांच्या दहाव्यालासुद्धा आलं नव्हतं ते रडू मला तिथे, भर बाजारात आलं.

गोदा जागी झाली. "काकी, काय झालं?"

"काय नाय गो," मी म्हटलं. "इथं तुझ्या आजोबांचा हात सुटला होता."